हार्ट ॲटॅकच्या आधीची वीस वर्षं: काय मोजायचं, काय सोडायचं आणि वेळ आलीच तर काय करायचं

‘अहो, गेल्याच महिन्यात स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आली होती!’ हार्ट ॲटॅकने दाखल झालेल्या माणसाचे नातेवाईक असं हमखास म्हणतात, आणि ते खोटं नसतं. ही पट्ट्यावर चालवून ईसीजी काढायची टेस्ट खरोखरच नॉर्मल आलेली असते. फक्त ती एका वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत असते.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या मुख्य रक्तवाहिन्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या. त्यांच्या आतल्या अस्तराखाली रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, शिरतं आणि अडकून बसतं. ते साफ करायला पांढऱ्या पेशी धावतात, चरबी खाऊन फुगतात आणि तिथेच मरतात. हे काम विशी-तिशीतच सुरू होतं. वर्षानुवर्षं साचून वर पातळ पापुद्रा आणि आत मऊ चरबी, अशी पिकलेल्या फोडासारखी गाठ तयार होते. एके दिवशी तो पापुद्रा फाटतो, आतला ऐवज रक्ताला लागतो आणि काही मिनिटांत त्यावर गुठळी धरते. वाहिनी बंद झाली की पुढचा स्नायू साधारण अर्ध्या तासात मरायला लागतो.

मेख अशी, की फुटणाऱ्या बऱ्याचशा गाठींनी फुटण्याआधी वाहिनी निम्मीसुद्धा अडवलेली नसते. स्ट्रेस टेस्ट पकडते ती साधारण सत्तर टक्क्यांच्या पुढची अडचण, म्हणजे धावताना रक्त कमी पडतंय का एवढंच. कुठली मऊ गाठ कधी फुटेल हे तिला कळत नाही. म्हणून ‘ब्लॉकेज आहे का बघून घेऊ’ या एकाच प्रश्नामागे लागण्यात फारसा अर्थ नाही. गाठ तयार करणारी आणि फोडणारी कारणं मोजता येतात आणि बहुतेक कमीही करता येतात.

२००४ साली ‘इंटरहार्ट’ नावाचा ५२ देशांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या हार्ट ॲटॅकचा सुमारे ९० टक्के धोका नऊ गोष्टींशी जोडलेला दिसला: तंबाखू, रक्तातली चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव आणि दारूच्या सवयी. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला ॲटॅक सरासरी ५३व्या वर्षी आला होता, बाकीच्या देशांत जवळपास ५९व्या. आपल्याकडे घाई करायचं कारण हे आहे. चाळिशीत जाग येणं म्हणजे उशीरच.

आधी मोजमाप: रक्तदाब

ऐंशी-नव्वद तपासण्यांच्या पॅकेजपेक्षा हृदयासाठी सहा-सात आकडे नीट मोजलेले बरे. त्यात पहिला रक्तदाब, कारण तो सर्वात जास्त चुकीचा मोजला जातो.

घरी मशीन घ्यायचं तर दंडावर पट्टा बांधायचं घ्या, मनगटाचं नको. पट्ट्याचा आकार दंडाच्या घेराला जुळतोय का ते खोक्यावर वाचा. जाड दंडावर लहान पट्टा बांधला तर आकडा खोटाच जास्त येतो. मग असं करा:

१. अर्धा तास आधी चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवी करून या. भरलेल्या मूत्राशयानेही दाब वाढतो.

२. पाठ टेकता येईल अशा खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसा. पाय जमिनीवर सपाट, एकावर एक नाहीत.

३. दंड उघडा. शर्टाची बाही वर सरकवून ती करकचली असेल तर हात बाहीतून काढा. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला. हात खाली लोंबत असेल तर आकडा वाढतो.

४. मोजताना बोलू नका. ‘काय आलं? काय आलं?’ विचारणाऱ्यालाही बाहेर पाठवा.

५. एक मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजा. सकाळी गोळी घेण्याआधी आणि रात्री, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून उरलेल्या आकड्यांची सरासरी काढा.

घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर तो उच्च रक्तदाब. दवाखान्यात हीच रेघ १४०/९० ला असते, कारण डॉक्टरांसमोर बऱ्याच जणांचा दाब चढतो. औषध सुरू झाल्यावर बहुतेकांसाठी १३०/८०च्या खाली राहणं हे ध्येय. पायरी चुकते ती इथे: गोळीने आकडा नॉर्मल आला की लोक ‘आता बरं झालं’ म्हणून गोळी थांबवतात. आकडा नॉर्मल आहे तो गोळीमुळेच. दोन-चार दिवसांत काही जाणवतही नाही, आणि तेच धोक्याचं. डोकं दुखलं की ‘बीपी वाढलं’ आणि नाही दुखलं की ‘ठीक आहे’ हा ठोकताळा सोडून द्या. उच्च रक्तदाबाचं बहुतेक वेळा काहीच लक्षण नसतं.

कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट कसा वाचायचा

रिपोर्टवर ‘टोटल कोलेस्टेरॉल १९०’ आहे, समोर ‘२०० पेक्षा कमी: नॉर्मल’ छापलंय, तारांकित काही नाही. रिपोर्ट फाइलमध्ये जातो. आता खालच्या ओळी बघा: एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी) २४०, एलडीएल ११०. एकूण १९० मधून एचडीएलचे ३२ वजा केले की उरतात १५८. याला नॉन-एचडीएल म्हणतात, म्हणजे वाहिनीच्या भिंतीत शिरू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल. हा माणूस मधुमेही असेल तर त्याला हा आकडा १०० च्या खाली हवा. आपल्याकडे हाच नमुना फार दिसतो: एकूण कोलेस्टेरॉल साधारण, एचडीएल कमी, ट्रायग्लिसराइड जास्त, पोट सुटलेलं.

कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ साली भारतीयांसाठी जी लक्ष्यं सांगितली ती थोडक्यात अशी. धोका कमी असलेल्यांचं एलडीएल १०० च्या खाली. मधुमेह, उच्च रक्तदाब यांसारखी कारणं असलेल्या जास्त धोक्याच्या माणसाचं ७० च्या खाली. ज्याला ॲटॅक येऊन गेलाय किंवा अँजिओप्लास्टी (फुग्याने वाहिनी उघडणं) झालीय त्याचं ५५ च्या खाली. नॉन-एचडीएलचं लक्ष्य दरवेळी यापेक्षा ३० ने जास्त धरायचं. म्हणजे प्रयोगशाळेच्या कागदावरचं ‘नॉर्मल’ सर्वांसाठी एकच नसतं. तुमचं नॉर्मल कुठलं हे डॉक्टरांकडून वहीत लिहून घ्या.

पहिली तपासणी विशीत करून घ्यावी. उपाशी पोटी जाण्याची सक्ती नाही; ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे आलं तरच उपाशी पोटी पुन्हा करायची.

आयुष्यात एकदाच करायची आणखी एक तपासणी आहे: लायपोप्रोटीन-ए. हा आकडा आईवडिलांकडून येतो, खाण्यापिण्याने फारसा हलत नाही. डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाकीचे सगळे आकडे इतरांपेक्षा कडक ठेवायचे, इतका त्याचा उपयोग. घरात तरुण वयात ॲटॅक आला असेल तर ही तपासणी नक्की करा. तरुण म्हणजे वडील किंवा भाऊ ५५ च्या आत, आई किंवा बहीण ६५ च्या आत.

साखर, घेर आणि बायकांचे वेगळे मुद्दे

उपाशी पोटी साखर १२६ किंवा जास्त, अथवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह; पुन्हा तपासून खात्री करतात. १०० ते १२५, किंवा ५.७ ते ६.४ ही उंबरठ्यावरची अवस्था. ‘बॉर्डरवर आहे’ म्हणून सोडून देण्यासारखी नाही, कारण वाहिन्यांचं नुकसान ही रेघ ओलांडायची वाट बघत नाही. एक बारकावा: लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर एचबीएवनसी खरं असतं त्यापेक्षा जास्त येऊ शकतं. आपल्याकडे बायकांमध्ये रक्तक्षय इतका आहे, की हिमोग्लोबिन पाहिल्याशिवाय त्या एका आकड्यावर निदान करू नये.

पोटाचा घेर पँटच्या नंबरवरून ठरवू नका. पँट पोटाखाली सरकलेली असते. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सोडा, मग वाचा. पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि बायकांना ८० ही भारतीयांसाठीची मर्यादा. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, अशा माणसाचं वजन काट्यावर ठीक दिसतं, पण धोका पोटातच असतो.

बाईला गरोदरपणात रक्तदाब वाढला होता, साखर वाढली होती, किंवा पाळी चाळिशीच्या आत गेली, तर पुढे हृदयविकाराचा धोका जास्त असतो. बाळंतपण होऊन गेलं की ते कागद माळ्यावर जातात. ते काढून डॉक्टरांना दाखवा आणि दरवर्षी दाब-साखर बघा.

तंबाखू: अर्धवट सोडणं इथे चालत नाही

दुसऱ्या कुठल्याही एका उपायाने तंबाखू सोडण्याची बरोबरी होणं कठीण. ‘मी फक्त एक-दोनच ओढतो’ हा हिशेब हृदयाला लागू पडत नाही: दिवसाला एक सिगारेट ओढणाऱ्याला वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याचा जवळपास निम्मा वाटा मिळतो. फुप्फुसाच्या कर्करोगाचं गणित सिगारेटींच्या संख्येवर चालतं, हृदयाचं तसं नाही. विडी म्हणजे सौम्य, हाही गैरसमजच. आणि मिसरी! खेडोपाडी कितीतरी आज्या-मावश्या दिवसातून तीन-चार वेळा भाजलेली तंबाखू हिरड्यांना चोळतात आणि डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का?’ विचारलं की ठामपणे ‘नाही’ सांगतात. विचारताना मिसरी, मशेरी, गुल, तपकीर अशी नावं घेऊन विचारा.

सोडायची पद्धत: पुढच्या दोन आठवड्यांतली एक तारीख ठरवा आणि घरात, कामावर सांगून टाका. आदल्या रात्री पुड्या, चुन्याची डबी, लायटर सगळं बाहेर. पहिले दोन-तीन दिवस चिडचिड, डोकेदुखी, झोपेची वाट. दोन ते चार आठवड्यांत ते उतरतं. तलफ येते ती साधारण पाच मिनिटांची असते. तेवढा वेळ बडीशेप, लवंग, पाण्याचे घोट, एखादा फोन, काहीही. चहाच्या टपरीवर सिगारेटची जोड असेल तर महिनाभर टपरीच बदला.

निकोटिनचं च्युइंगगम औषधाच्या दुकानात मिळतं, पण ते बहुतेक जण चुकीचं खातात. सवयीने तंबाखूसारखं सतत चघळतात, मग उचकी लागते, छातीत जळजळ होते आणि ‘मला मानवत नाही’ म्हणून फेकून देतात. हळू चावा, तिखटसर झिणझिण आली की थांबा आणि गम गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्या. झिणझिण गेली की पुन्हा दोन-चारदा चावा. असं अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा-कॉफी नको, निकोटिन शोषलं जात नाही. सरकारची तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ मोफत आहे. सोडल्यानंतर वर्षभरात ॲटॅकचा वाढीव धोका जवळपास निम्म्यावर येतो.

किराण्याच्या यादीतून जेवण मोजा

‘तेलकट खाऊ नका, मीठ कमी करा’ या सल्ल्याने काही बदलत नाही, कारण कढईत पडणारं तेल कोणी मोजत नाही. महिन्याचं सामान मात्र मोजता येतं.

मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी हवं, म्हणजे सपाट एक चमचा, तोही लोणचं-पापड-फरसाण धरून. चौघांचं कुटुंब असेल तर महिन्याला ६०० ग्रॅम. एक किलोची पिशवी महिन्याभरात संपत असेल तर दुप्पटीच्या आसपास चाललंय समजा, कारण बाहेरच्या पदार्थांतलं मीठ त्या पिशवीत नाहीच. पाकिटावर ‘सोडियम’ लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ. १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. कपात एकदम केली तर घरात कोणी जेवणार नाही. दर पंधरवड्याला आमटी-भाजीतलं मीठ थोडं कमी करा. महिन्या-दोन महिन्यांत जीभ बदलते. पहिलं काय जावं? ताटात वाढलेलं वरचं मीठ, कणकेतलं मीठ, भातातलं मीठ. जाता जाता: सैंधव किंवा गुलाबी मीठ हेही सोडियमच. पोटॅशियम मिसळलेलं कमी सोडियमचं मीठ रक्तदाब उतरवतं हे खरं, पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोनसारखी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं.

तेल माणशी दिवसाला साधारण २० ग्रॅम, म्हणजे चार चमचे. चौघांना महिन्याला अडीच लिटर. पाच लिटरचा डबा दोन महिने पुरायला हवा. शेंगदाणा, करडई, मोहरी, सोयाबीन, सूर्यफूल यांपैकी कुठलंही आलटून पालटून चालेल. खोबरेल, पाम तेल आणि तूप यांत एलडीएल वाढवणारी संपृक्त चरबी भरपूर, तेव्हा वरणावर चमचाभर तुपाला हरकत नाही, पण ‘साजूक आहे, कितीही खा’ हे नको. तळणीचं उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. वनस्पती तुपातल्या ट्रान्सफॅटवर (हृदयाला घातक अशा चरबीवर) २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली आहे, पण खारी, नानकटाई, बटर यांत संपृक्त चरबी आहेच आणि ती चहाबरोबर रोज जाते.

गोड म्हणजे मिठाई असं आपण धरतो. दिवसाचे पाच कप चहा, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे चाळीस ग्रॅम इथेच झाले. गूळ टाकला तरी हिशेब तोच.

ताटात वाढवायचं काय: रोज एक वाटी उसळ किंवा घट्ट वरण, दोन भाज्या, एक-दोन फळं, मूठभर शेंगदाणे किंवा बदाम, जवसाची चटणी. भात आणि पोळी दोन्ही पोटभर न घेता एकाचं प्रमाण निम्मं करा आणि ती जागा उसळीला द्या. कोकण-गोव्याकडे बांगडा, तारली स्वस्त आणि हृदयाला उत्तम, रव्यात घोळवून तळण्यापेक्षा तिरफळ घालून कालवणात. सुके बोंबील-खारा मासा मिठाने भरलेला असतो, तो कधीमधीच. आणि उपवास: साबुदाणा खिचडी, वेफर्स, बटाट्याचा कीस म्हणजे नुसतं पिष्ट, तेल आणि मीठ. एकादशी आणि दुप्पट खाशी! उपवास करायचाच तर भगर, दही, फळं, राजगिरा बरा.

दारूबद्दल एकच वाक्य: हृदयासाठी म्हणून सुरू करू नये.

चालणं, झोप, आणि एक इशारा

आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं. वेग किती? बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतका. दिवसभर बसून काम करणाऱ्याने पंधरा मिनिटांपासून सुरू करून दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवावीत. दोन दिवस उठाबशा, भिंतीला टेकून जोर असे ताकदीचे व्यायाम. जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची शतपावली साखर उतरवायला खरंच उपयोगी पडते. ताप किंवा फ्लू असताना जिममध्ये जोर काढू नका.

जोराने घोरणं, झोपेत श्वास अडकून दचकणं, दिवसा पेंगणं, हे असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. रक्तदाब गोळ्यांनी आटोक्यात येत नसण्याचं हे एक नेहमीचं कारण.

आता इशारा. जिना किंवा चढ चढताना छातीत, गळ्याशी किंवा जबड्यात दाटून येतं आणि थांबलं की दोन-पाच मिनिटांत जातं, याला अंजायना म्हणतात. लोक वेग कमी करून दिवस ढकलतात. दुखणं जुनं आणि तेवढंच असेल तरी त्याच आठवड्यात ईसीजी आणि डॉक्टर. हेच दुखणं नव्याने सुरू झालं, वाढत चाललं किंवा बसल्याजागी येऊ लागलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय.

औषधांबद्दल

स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध) लागतं की नाही हे वय, दाब, साखर, तंबाखू, घराणं सगळं मिळून ठरतं. सुरू झालं की सहा ते आठ आठवड्यांनी रिपोर्ट पुन्हा करा. लक्ष्य गाठलं नसेल तर डोस दुप्पट करून एलडीएल आणखी फक्त सुमारे ६ टक्के उतरतं. इझेटिमाइब जोडलं तर साधारण २० टक्के. त्यामुळे डॉक्टरांनी दुसरी गोळी लिहिली तर दचकू नका. स्नायू दुखले तर गोळी परस्पर बंद करण्याऐवजी सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या; डोस किंवा औषध बदलून बहुतेकांचं जमतं. रिपोर्ट सुधारला म्हणून स्टॅटिन सोडणं म्हणजे रक्तदाबाच्या गोळीचीच चूक पुन्हा.

‘रक्त पातळ राहावं’ म्हणून निरोगी माणसाने रोज ॲस्पिरिन घेऊ नये. ॲटॅक येऊन गेलेल्यांना ती वाचवते. बाकीच्यांत पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका फायद्यावर मात करतो.

गुडघेदुखीवर दुकानातून आणून महिनोन्महिने घेतलेलं डायक्लोफिनॅक हार्ट ॲटॅकचा धोका वाढवतं आणि रक्तदाबही चढवतं. हृदयाचा त्रास असलेल्याने दुखण्यावर काय घ्यायचं ते विचारून घ्यावं. ब्लॉकेज विरघळवणारे काढे आणि चिलेशनची सलाइनं यांवर पैसे घालवू नका. त्या काळात खरी औषधं बंद पडतात, हा मोठा तोटा.

ॲटॅक आला असं वाटलं तर

छातीच्या मध्यभागी दाब, आवळल्यासारखं, कोणी दगड ठेवल्यासारखं. पंधरा-वीस मिनिटांनंतरही जात नाही. हात, खांदा, जबडा, पाठ किंवा पोटाच्या वरच्या भागात पसरतं. थंड घाम, मळमळ, धाप. मधुमेही, वयस्क माणसं आणि बायका यांच्यात छातीत दुखण्याऐवजी नुसती धाप, उलटी, विलक्षण थकवा असंही होतं. सगळ्यात जास्त वेळ खातो तो ‘गॅस’. सोडा, ओवा, ॲसिडिटीचं औषध घेऊन थोडं बरं वाटलं म्हणजे हृदय सुटलं असं नाही. घाम फुटलेला असेल तर गॅस समजूच नका.

१. जिथे असाल तिथे थांबा, बसा. जिना उतरू नका, स्वतः गाडी चालवू नका, दुचाकीवर मागे बसून जाऊ नका.

२. १०८ ला फोन करा. रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल तर दुसऱ्या कोणाच्या चारचाकीने निघा.

३. ॲस्पिरिन ३२५ मिलिग्रॅमची एक गोळी चावून खा. गिळली तर काम उशिरा सुरू होतं. ॲलर्जी, रक्तस्राव, चालू अल्सर असेल किंवा तोंड वाकडं, हातात कमजोरी, बोलणं अडखळतंय असं असेल तर देऊ नका. तो पक्षाघात असू शकतो.

४. शेजाऱ्याच्या खिशातली सॉर्बिट्रेट (अंजायनाची गोळी) जिभेखाली सरकवू नका. ती तुम्हाला लिहून दिलेली असेल तर बसूनच घ्या. दाब आधीच कमी असेल किंवा नुकतीच सिल्डेनाफिलसारखी (लैंगिक क्षमतेसाठीची) गोळी घेतली असेल तर तिने दाब कोसळतो.

५. जोरजोरात खोकून ॲटॅक थांबतो हा फिरणारा मेसेज खोटा आहे.

६. माणूस बेशुद्ध पडला आणि नीट श्वास घेत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटीमीटर खोल दाबा, मदत येईपर्यंत.

रुग्णालयात पोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा. नाही निघाला तर मागा. पहिला ईसीजी आणि पहिलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) नॉर्मल असलं तरी दुखणं चालू असेल तर दोन्ही काही वेळाने पुन्हा करतात, त्यामुळे लगेच घरी निघू नका. मोठा ॲटॅक असेल आणि दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार असेल तर ती उत्तम. तालुक्याच्या गावाहून तेवढ्यात पोचणं शक्य नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच घेऊन मग पुढे हलवणं योग्य. ‘इंजेक्शन नको, थेट पुण्याला नेतो’ असा हट्ट करून चार तास रस्त्यात घालवले की तेवढा स्नायू गेला. इंजेक्शनचा उपयोग पहिल्या बारा तासांत, आणि जितकं लवकर तितकं जास्त.

हे सगळं त्या रात्री शोधायचं नसतं. जवळ चोवीस तास ईसीजी आणि इंजेक्शन कुठे मिळतं, कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करतात ती जागा) कुठे आहे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुठलं रुग्णालय आहे, हे आजच विचारून कपाटाच्या दारावर लिहून ठेवा. योजनेत अँजिओप्लास्टी बसते. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) भेटायचं. जुन्या ईसीजीचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. नवा बदल कुठला, जुना कुठला, हे डॉक्टरांना त्यावरून झटकन कळतं.

ॲटॅक येऊन गेल्यावर

स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसवल्यावर ॲस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलर ही गुठळी रोखणारी गोळी साधारण वर्षभर चालते. पहिल्या काही महिन्यांत ती चुकली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, आणि तो ॲटॅक पहिल्यापेक्षा वाईट असतो. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी आणून ठेवा, गावी किंवा यात्रेला जाताना दुप्पट दिवसांच्या न्या. फ्लूची लस दरवर्षी घ्या, तिने पुन्हा ॲटॅक येण्याचा धोका कमी होतो. दात काढायचा असेल किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि तिथे कोणी ‘रक्त पातळ करायच्या गोळ्या पाच दिवस बंद करा’ म्हटलं, तर आधी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन करा. ही दोन्ही कामं बहुतेक वेळा गोळी चालू ठेवूनच होतात.